फाटकाला टेकून

राजधानी गेग्यंग
दुसरा महिना, बेडूक जागे होतात त्या दिवशी

चि. तेइक,

इथे अजून सकाळी दौतीत बर्फ धरतो. तुमच्याकडे दक्षिणेत आलुबुखार फुलला असेल.

बातमी आहे. दरबारातले संस्कार, सण आणि अंत्यविधी बघणाऱ्या विधी खात्याच्या उपमंत्रिपदावर माझी नेमणूक झाली. आईला सांग. खात्याचं नाव तिच्या लक्षात राहणार नाही. नुसतं सांग की पदाबरोबर टोपीचे दोन्ही कानही आता हातभर लांब झाले.

रुजू व्हायला अवकाश आहे. तू दरबारी नोकरीच्या परीक्षेला तीनदा बसलास, पण पास झालेल्यांचं पुढे काय होतं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. मोठं पद मिळालं की आधी नाही म्हणायचं असतं. लेखी. महाराज तो नकार फेटाळतात. आपण पुन्हा नाही म्हणतो, ते पुन्हा फेटाळतात. तिसऱ्या वेळी ते रागावल्यासारखं करतात, आपण रडल्यासारखं करतो आणि पद घेतो. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस इथे हावरा ठरतो.

नकाराचं कारण म्हणून मी आई दिली आहे. म्हातारी आई गावी, मुलगा इथे. तिची सेवा हे मुलाचं पहिलं कर्तव्य, राजाची चाकरी त्यानंतर. यात खोटं काही नाही. वृद्ध मंत्री मोक, ज्यांच्या हाताखाली मी घडलो, म्हणाले की अर्जासोबत एखादी कविता असावी. त्यांच्याच बैठकीत, दिलेल्या यमकावर केलेली एक होती. ती जोडली. तुला अर्थ उतरवून पाठवतो:

आमच्या घराला फाटक आहे काटक्यांचे,
त्याला टेकून उभी आई, केस पांढरे.
दात गेले, वाट पाहणे गेले नाही.
अंगणातला सारस एका पायावर तिच्या सोबतीला.
मी इथे लांब कानांच्या टोपीत सरकारी भात खातो
आणि पाने गळताना म्हणतो, आता परत जावे.

तिसऱ्या ओळीला मोक यांनी बाही डोळ्यांना लावली.

आईला वाचून दाखव. तू तिचा भाचा, तिच्याच घरात राहतोस, तुझं ती ऐकते. पण सांगताना पदरचं घालू नकोस.

मीठवाल्याबरोबर मधाचा बुधला पाठवला आहे. यंदा परीक्षेला बस.

तुझा आतेभाऊ
हानग्यू


सोलगोल
तिसरा महिना, आलुबुखाराची फुलं गळल्यावर

दादा,

मध पोचला. बुधला अर्धा होता. मीठवाला म्हणतो, वाटेत थंडी फार होती.

कविता आत्याला वाचून दाखवली. ती तेव्हा शिडीवर होती. तुझ्या जुन्या खोलीत रेशमाच्या किड्यांसाठी फळ्या ठोकत होती.

"केस पांढरे," ती म्हणाली. "बरोबर. पुढे?"

"दात गेले."

"कुणाचे?"

"तुझे, आत्या."

ती शिडीवरून उतरली. मला वाटलं, आता हातोडी माझ्यावर. ती फडताळाकडे गेली, एक अक्रोड काढला आणि माझ्यासमोर दाढेखाली धरून फोडला. अर्धा मला दिला.

"त्याला लिही," म्हणाली, "की अक्रोड गोड निघाला."

मग फाटक. "मी टेकते? कधी? वरचा दोर तुटून किती पावसाळे झाले. टेकले तर फाटकासकट नाल्यात जाईन. आणि उभं राहून वाट बघायला माझ्या किड्यांना पाला कोण घालणार, तो?"

सारसाचं ऐकल्यावर ती हसत खालीच बसली. आपल्याकडे सारस नाही, दादा. एक बदक आहे. ते दोन्ही पायांवर उभं राहतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याची पोटरी धरतं.

मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, कवितेत असं चालतं. कवी धडधाकट आईला म्हातारी करतात, जेवून उठले की उपाशी होतात आणि पगार घेता घेता डोंगरात राहतात.

"मग स्वतःला का नाही केलं म्हातारं?" ती म्हणाली. "त्याचंच डोकं तुळतुळीत व्हायला लागलंय. तूच बघून आलास ना मागे."

तिचं एवढंच म्हणणं आहे की दात परत बसव. बाकी सगळं ठेव.

आता माझं. मी इथे गावातल्या पोरांना कन्फ्यूशियस शिकवतो. रोज सांगतो, राजाने राजासारखं असावं, मुलाने मुलासारखं. नाव आणि माणूस जुळला पाहिजे. परवा एकाने विचारलं, मुलगा सहा वर्षं घरी आला नाही तर त्याला काय म्हणायचं? मी म्हटलं, उपमंत्री.

नवव्या महिन्यात आत्याला सत्तर पूर्ण होतात. 'येशील का' असं तुला विचारायचं नाही, असं तिने मला बजावलं आहे. म्हणून विचारतो.

तेइक


राजधानी
तिसऱ्या महिन्याची अखेर

तेइक,

दात परत बसवता येत नाहीत. कविता महाराजांनी वाचली.

मला दरबारात बोलावलं. मी दुसरा नकार बाहीत तयार ठेवून गेलो. पहिल्यापेक्षा तो जास्त चांगला उतरला होता. महाराजांच्या हातात कविता होती. त्यांच्या मातोश्री मागच्या हिवाळ्यात गेल्या, हे मी विसरलो होतो. विधी खात्याचा माणूस, आणि हे विसरलो.

महाराज म्हणाले, "हानग्यू, तुझी आई फाटकात उभी आहे. मी तुला इथे कसा ठेवू? जा."

दरबार इतका शांत झाला की कुणाच्या तरी टोपीचा कान हललेला ऐकू आला. पहिल्याच नकाराला मान्यता. कुणाच्या हयातीत असं झालेलं नाही. मोक यांच्याकडे पाहिलं, तर ते छताकडे बघत होते. मी कपाळ जमिनीला लावलं. दुसरं काय करणार? आईची सेवा नको, मला पद हवं, असं तिथे कसं म्हणू?

इथवर ठीक होतं. पुढे महाराज म्हणाले की असा मुलगा राज्याला उदाहरण आहे. दक्षिण प्रांताचे निरीक्षक गिल सोलगोलला जाऊन आईला भेटतील. कवितेत आहे तसं असेल तर आपल्या दारात मातृभक्त मुलाची लाल कमान उभी राहील. कवितेत आहे तसं नसेल तर काय, ते महाराज बोलले नाहीत. ते मी तुला सांगतो. राजाला खोटं लिहिण्याची शिक्षा म्हणजे दूरचं बेट. आणि बेटांवर कविता करणारे आधीच गर्दीने बसले आहेत.

पद गेलंच आहे. आता नाव तरी वाचवायचं. तू एवढं कर. फाटक दुरुस्त कर, म्हणजे आईला टेकता येईल. कुठून तरी सारस आण. बदक निरीक्षकांच्या नजरेआड ठेव. आणि आईला सांग, तोंड मिटून हस.

शिक्के आणि दप्तर सोपवून मी सहाव्या महिन्यात निघेन. खोली झाडून ठेव.

हानग्यू


सोलगोल
चौथा महिना, तुतीला पाला भरला तेव्हा

दादा,

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. पहिल्यांदा जसंच्या तसं, दुसऱ्यांदा जरा मऊ करून. दोन्ही वेळा उत्तर तेच.

"मी तोंड मिटून हसत नाही."

म्हटलं, "आत्या, त्याला बेटावर पाठवतील."

"पाठवू देत. तिथे समुद्राची मासळी मिळते."

म्हटलं, "त्याचं नाव जाईल."

ती पाला चिरत होती. मग म्हणाली, "तेइक, त्याच्या बापाने त्याला पहिली अक्षरं शिकवली तेव्हा मी शेजारी बसून सूत काढत होते. मला ती अक्षरं येत नाहीत. पण बाप काय सांगायचा ते ऐकू यायचं. खोटं बोलू नये, असं सांगायचा. मुलाने खोटं लिहायचं आणि आईने खोटं हसायचं, यात सेवा कुणाची होते ते मला कळत नाही."

मी रोज पोरांना हेच शिकवतो.

फाटक तिने दुरुस्त करू दिलं नाही. म्हणते, "दुरुस्त केलंस तर टेकावं लागेल."

सारस आणला होता. नदीपलीकडच्या कोळ्याने जाळ्यात धरून दिला. अंगणात सोडला. बदकाने त्याच्याकडे बघितलं, त्याने बदकाकडे. तो नदीच्या दिशेने गेला. बदक अजून अंगणात आहे.

तुझ्या खोलीची अडचण आहे. किडे कात टाकण्याच्या तिसऱ्या झोपेत आहेत. या वेळी त्यांना हलवलं तर ते मरतात, जागे होऊन पाला मागायला लागले की मगच हलवता येतात. हे मी आत्याला सांगितलं नाही, तिने मला सांगितलं. मग विचारलं, "तो येणार म्हणजे, राहायला?"

"हो, आत्या."

"कायमचा?"

"महाराजांचा हुकूम आहे."

"इतका शिकवला तो घरी बसून माझ्या किड्यांना पाला घालायला?" ती चिडून म्हणाली. "त्याला पाला चिरता येतो का? लहानपणी देठासकट घालायचा."

पण दुपारी बघितलं तर तिने कोठीघर रिकामं केलं होतं. ज्वारीची पोती ओसरीवर, आणि आतल्या भिंतीला ताजा गिलावा. मी विचारलं हे कशासाठी. म्हणाली, "किडे हलवायला जागा नको?" किडे हलवायचे नाहीत हे सकाळी तिनेच सांगितलं होतं. मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस.

तेइक


राजधानी
पाचवा महिना, पाऊस

तेइक,

निरीक्षक गिल निघाले. पूल वाहून गेला नाही तर ते या पत्राच्या आधी पोचतील.

मी महाराजांना खरं लिहायचं ठरवतो. अर्ज लिहितो. आई ठणठणीत आहे, फाटक मोडकं आहे, सारस नाही, असा. मोक म्हणतात, वेडा आहेस का, एवढं साधं कुणी लिहितं? मग मी तो चुलीत टाकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहितो. तुझ्या वहिनीने परवा विचारलं की भात अर्जांवर शिजवायचा का.

आईचं म्हणणं बरोबर आहे. ते वाचल्यापासून दरबारात कुणी 'मातृभक्त' म्हटलं की मी रस्ता बदलतो.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. त्या बैठकीत यमक दिलं गेलं आणि बाकीचे कान खाजवत बसले, तेव्हा माझी तिसरी ओळ आपोआप आली. मी ती जुळवली नाही. डोळ्यांसमोर आपलं फाटक होतं. कुणीतरी त्याला टेकलेलं होतं, दात पडलेले होते, आणि वाट बघत होतं. हे मला स्वच्छ दिसलं, तुला शपथेवर सांगतो. आई नव्हती तर मग मी कुणाला बघितलं?

गिल यांना हे सांगून उपयोग नाही.

हानग्यू


सोलगोल
पाचवा महिना, पावसाची उघडीप

दादा,

निरीक्षक आले आणि गेले. तू बस आणि मग वाच.

कळवून येतील असं मला वाटलं होतं. ते आले भर सकाळी, मी पोरांना शिकवत असताना. लठ्ठ माणूस, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला, मागे दोन हमाल आणि गावचा पाटील. मी धावत घरी पोचलो तोवर बदकाने आपलं काम केलं होतं. निरीक्षक एका पायावर उभे होते. सारसाची उणीव तेवढी भरून निघाली.

"कवी प्यो हानग्यू यांच्या मातोश्री कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"वर," तुतीच्या झाडातून आवाज आला.

आत्या शेंड्याजवळच्या फांदीवर होती, कमरेला टोपली. किडे शेवटच्या झोपेतून उठले आहेत. आता ते दिवसभर खातात आणि ती दिवसभर झाडावर असते.

"बाई, आपण खाली याल का? महाराजांचा हुकूम आहे."

"टोपली भरू दे. तुम्ही ओसरीवर बसा. तेइक, त्यांना ताक दे. आणि बदकाला म्हणावं, पाहुणे आहेत."

टोपली भरली, मग ती उतरली. निरीक्षकांसमोर बसली आणि पाहुण्यांसमोर हसावं तशी हसली. सगळे दात दाखवून. मी डोळे मिटून घेतले.

निरीक्षकांनी बाहीतून कविता काढली. तिच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. फाटकाकडे बघितलं, ते नाल्याच्या बाजूला झुकलेलं होतं.

"आपण या फाटकाला टेकून मुलाची वाट बघता?"

"नाही."

"कधीच नाही?"

"टेकून दाखवा, मग विचारा."

निरीक्षकांनी कागदाची घडी केली. ते वाईट माणूस नाहीत, दादा. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं. म्हणाले, "बाई, मग आपल्या मुलाने महाराजांना खोटं लिहिलं आहे. मला तसं कळवावं लागेल."

मी पुढे झालो आणि तुझं शेवटचं पत्र काढलं. सकाळीच पोचलं होतं. कवितेत असं चालतं वगैरे म्हणायला तोंड उघडलं होतं, पण निघालं पत्रातलंच. म्हटलं, "त्याला दिसलं होतं, साहेब. फाटकाला टेकलेलं कुणीतरी. दात पडलेले. तो शपथ घेतो. त्याला कळत नाही की कोण."

आत्या पाल्याची देठं मोडत होती. हात थांबला.

"त्याला कळत नाही?" ती म्हणाली. "तोच तर होता."

निरीक्षक म्हणाले, "म्हणजे?"

"मी दिवसभर शेतात. त्याचा बाप गेला त्या वर्षी. मी यायला उशीर झाला की तो फाटकाला टेकून उभा राहायचा. दुधाचे दात पडायचं वय. पडलेला दात असा मुठीत धरून." तिने मूठ दाखवली. "दात छपरावर फेकायचा असतो ना, पाखरू नेतं आणि नवा आणतं. आजी म्हणायची मी फेकते, तेइकचा बाप म्हणायचा मी फेकतो. देईल तर शपथ. आईच फेकेल. मी आले की मूठ उघडायची. घामाने भिजलेला दात. मग मी फेकायचे आणि मग तो जेवायचा." तिने पुन्हा देठं मोडायला घेतली. "केस तेवढे माझे आहेत. ते त्याने नंतर लावले."

पाटील नाक पुसत होता. त्याला कशाचंही रडू येतं, ते सोड. निरीक्षकांनी कविता पुन्हा उघडली आणि ओठ हलवत वाचली. मग पुन्हा एकदा.

"म्हणजे कविता खरी आहे," ते सावकाश म्हणाले. "माणसं उलट बसली आहेत."

"ते तुमचं तुम्ही ठरवा," आत्या म्हणाली. "मला कविता कळत नाही. आता माझंही लिहून न्या."

"काय?"

"अर्ज. महाराजांना. सगळे पाठवतात ना?"

तिने सांगितलं, मी लिहिलं. निरीक्षकांनी दोनदा शब्द मऊ करायचा प्रयत्न केला, तिने करू दिला नाही. नक्कल अशी: "महाराज, माझी तब्येत उत्तम आहे. माझ्या मुलाला आईची सेवा करता येत नाही, पाला देठासकट घालतो. राजाची सेवा येत असेल तर ती त्याच्याकडून करून घ्या. तीही सेवा माझीच समजेन. मात्र वर्षातून एकदा त्याला घरी पाठवा. तुमच्या आईसाहेब गेल्या असं कळलं. वाईट वाटलं. तुम्ही त्यांच्याजवळ होतात, हे फार चांगलं झालं."

लाल कमानीचं विचारलं तेव्हा म्हणाली, "कमान नको. पोरं चढतात. आहे ते फाटक नीट करून द्या."

निरीक्षकांच्या हमालाने नवा दोर बांधून दिला. निरीक्षकांनी स्वतः टेकून बघितलं. फाटक टिकलं. त्यांचं वजन बघता आता ते आपल्या नातवंडांपर्यंत टिकेल.

तेइक


राजधानी
सातवा महिना, पहिली थंड झुळूक

तेइक,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. नंतर बसलो.

मूठ आठवली. ओला दात आठवला. फाटकाच्या काटक्यांचे वळ पाठीवर उठायचे तेही. कवितेत मी आईला उभं केलं, आणि उभा होतो मीच. मोक यांना सांगितलं. ते खूप वेळ दाढी ओढत राहिले आणि म्हणाले की यमक मात्र सुरेख होतं.

आता दरबार. निरीक्षक परतेपर्यंत मला निघू दिलं नव्हतं. निरीक्षकांचा अहवाल वाचला गेला, मग आईचा अर्ज. 'पाला देठासकट' या शब्दांना महाराज हसले. शेवटची दोन वाक्यं त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, उपमंत्रिपदावर कुणाला नेमलं आहे?

माझ्या जागी नेमलेला माणूस अजून दुसऱ्या नकारावर होता. महाराजांनी त्याचाही नकार मान्य केला.

पद मला परत मिळालं. सगळे माझ्याकडे बघत होते, आता हा काय कारण देतो म्हणून. मी म्हटलं, "हो, महाराज. मला हे पद हवं आहे." मागे कुणीतरी ठसकलं. महाराज म्हणाले, "बरं झालं. एकाला तरी हवं आहे." आणि दर नवव्या महिन्यात घरी जाण्याचा हुकूम, लेखी. चुकलो तर बेट.

तेव्हापासून राजधानीत कुणी नाही म्हणत नाही. काल एका कारकुनाला बढती कळवायला गेले, तर तो निरोप पुरा होण्याआधीच हो म्हणाला.

मी येतोय. आईला सांग, अक्रोड मी आणतो. कोठीघरात झोपेन.

हानग्यू


सोलगोल
दहावा महिना, पहिलं हिव

दादा,

तू नीट पोचलास हे मीठवाल्याने सांगितलं. मधाचा बुधला या वेळी भरलेला होता. तू त्याला काय म्हणालास?

सत्तरीचा सोहळा गाव अजून बोलतं आहे. उपमंत्र्याने लहान मुलासारखा रंगीत अंगरखा घालून आईसमोर नाच केला हे पाटील शेजारच्या दोन गावांत सांगून आला आहे. सांगताना रडला म्हणे. बदक तुझी पोटरी विसरलेलं नाही, दिवसातून एकदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून येतं.

तू पाला चिरायला शिकलास त्याबद्दल आत्या काही बोलली नाही. मात्र कुणी आलं की सांगते, "देठं काढतो आता." पाल्याचा हंगाम संपून किती दिवस झाले. तू कोबीची पानं चिरत होतास, हे कुणाला सांगत नाही.

मी पुढच्या वर्षी परीक्षेला बसणार आहे. चौथ्यांदा. पास झालो तर लगेच हो म्हणेन.

आता जे लिहिणार आहे ते तुला कळवायचं नाही, असं तिने बजावलं आहे. म्हणून लिहितो.

तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तू आणलेला अक्रोड फोडताना, तिचा एक दात गेला. पुढचा. ती काही वेळ हातावरच्या दाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "झालं त्याच्या मनासारखं."

मी म्हटलं, "आण, छपरावर फेकतो."

"तू कशाला?"

"मग तू फेक."

"स्वतःचा स्वतः फेकतात का कुणी?" ती म्हणाली. "त्याचे मी फेकले. माझा तो फेकेल. येईलच ना नवव्या महिन्यात."

मी म्हटलं, "आत्या, सत्तरीत पाखरू नवा दात आणत नाही."

"न आणू दे."

काल संध्याकाळी पोरांना सोडून घरी येत होतो. ती फाटकाला टेकून उभी होती, रस्त्याकडे तोंड करून. मला बघून सरळ झाली.

"काय करतेस, आत्या?"

"दोर बघते. टिकतो का."

हाताची मूठ मिटलेली होती.

यावर कविता करू नकोस. छप्पर मी नव्या गवताने शाकारून ठेवतो. तू लवकर ये.

तेइक